बाटली रस्त्यानं निघाली

नागपुरात राहून समुद्राचा अभ्यास करते म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "कुठं, फुटाळा तलावावर?" मी आता वाद घालत नाही, मोबाइलवर नकाशा उघडते. शहराजवळच्या लाव्हा गावाच्या टेकड्यांतून निघालेली नाग नदी शहराचं सांडपाणी पोटात घेऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वैनगंगा गोसीखुर्दच्या धरणातून पुढे वर्धेला भेटते, दोघींची प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी धवलेश्वरमचा बंधारा ओलांडून बंगालच्या उपसागरात. म्हणजे आपल्या नाल्यात फेकलेली बाटली, मध्ये कुठे अडकली नाही तर, समुद्र गाठू शकते. कुठे अडकते, हे शोधायचं काम सध्या माझ्याकडे आहे.

एरवीचं काम संगणकावरचं. उपसागराच्या प्रवाहांवर हजारो काल्पनिक कण सोडायचे आणि ते कुठे जातात ते बघायचं. आपल्या पूर्व किनाऱ्यालगतचा प्रवाह वर्षातून दोनदा तोंड फिरवतो. फेब्रुवारी ते मे उत्तरेकडे, पावसाळा संपला की दक्षिणेकडे, श्रीलंकेच्या दिशेनं. गोदावरीच्या मुखातून प्लास्टिक कोणत्या महिन्यात बाहेर पडलं, यावर ते ओडिशाकडे जाणार की तमिळनाडूकडे, हे बरंचसं ठरतं. पॅसिफिकसारखा कचऱ्याचा कायमचा भोवरा इथे टिकत नाही, मान्सूनचे वारे सगळं उसकटून टाकतात.

इथवर आम्हाला बऱ्यापैकी येतं. गोची आहे ती मुखाशी मुळात किती प्लास्टिक येतं, याची. २०१५ च्या गाजलेल्या अभ्यासानं जगभरात वर्षाला ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन समुद्रात जातं असा हिशेब मांडला. २०२१ मध्ये फक्त नद्यांचा आकडा आला, ८ ते २७ लाख टन. आणि २०१४ च्या एका अंदाजानुसार पृष्ठभागावर तरंगणारं सगळं मिळून जेमतेम २ लाख ६९ हजार टन. काही बुडतं, काही किनाऱ्याला लागतं, काहीचा भुगा होतो, हे मान्य. तरी किराणा दुकानाच्या वहीत एवढी तफावत निघाली असती तर मुनीम घरी गेला असता.

म्हणून बाटल्या. आत जीपीएस बसवून नदीत सोडायच्या आणि कुठे जातात त्याचा माग काढायचा. गंगेत हा प्रयोग झाला होता, त्यातली एक बाटली ९४ दिवसांत २,८४५ किलोमीटर गेली. आमच्या बाटल्या आम्हीच बनवतो, कारण एका पुरवठादारानं 'पूर्ण वॉटरप्रूफ' म्हणून दिलेला माल बादलीतच बुडाला होता. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक पाण्यापेक्षा जड असतं, ती तरंगते ती आतल्या हवेच्या जिवावर. आम्ही तळाशी बॅटरी बसवतो, तिच्याभोवती चाळलेली कोरडी वाळू, वर जीपीएस आणि सिमकार्ड, अँटेना झाकणाकडे. वाळू चमच्याचमच्यानं घालायची. बाटली पाण्याबाहेर जास्त राहिली तर वारा तिला ढकलतो आणि आपण नदीऐवजी वारा मोजत बसतो. फार बुडाली तर सिग्नल जातो. झाकणाला एपॉक्सी लावून रात्रभर पिंपात ठेवली की सकाळी कोणती रुसली ते कळतं.

ऑगस्टात, रात्रभराच्या पावसानंतर, अशोक चौकाजवळच्या पुलावरून त्या सोडल्या. सकाळची गर्दी होतीच. एका काकांनी स्कूटर थांबवून झापलं, "शिकलेसवरलेले लोक तुम्ही, नदीत कचरा टाकता?" त्यांच्या हातातली निर्माल्याची पिशवी तेवढ्यात कठड्यावरून खाली गेली होती.

दुपारपर्यंत बहुतेक बाटल्या अडकल्या. काही जलपर्णीत, काही पुलाखालच्या पाइपांना अडकलेल्या चिंध्यांत. एक मात्र छान चालली होती. मग ती तासभर एका जागी थांबली आणि नदी सोडून वस्तीत शिरली. आधी माणसाच्या चालीनं, मग ताशी वीस किलोमीटरनं. आमच्या प्रकल्पातल्या पोराचा फोन आला, "मॅडम, आपली बाटली रस्त्यानं निघाली."

ठिपका थांबला तो कळमन्याच्या बाजूला, एका भंगाराच्या गोदामात. आम्ही पोचलो तेव्हा आत भांडण चाललं होतं. कचरा वेचणाऱ्या एक मावशी तावातावानं बोलत होत्या, दुकानदार आमची बाटली कानाशी धरून हलवत होता. भंगारात वजन वाढवायला बाटलीत रेती भरायची चाल जुनी आहे, आणि आमच्या बाटलीत रेती होतीच.

"माह्यावरच नाव घेऊन राह्यला ना हा," मावशी मला म्हणाल्या. "म्या उचलताच म्हटलं, रिकामी बाटली येवढी भारी कायले? पन झाकनच निंगे ना."

मी ओळखपत्र दाखवलं, बाटली कापून आतली मशीन दाखवली. दुकानदारानं मावशींचे पैसे पुरे दिले, पण बाटलीचं वजन वजा करूनच.

मग मी तिथेच बसले. मावशींनी पोतं पालथं केलं आणि मला त्यांची प्रतवारी बघायला मिळाली. पांढऱ्या पारदर्शक बाटल्या पहिल्या, रंगीत वेगळ्या, झाकणं वेगळ्या डब्यात, दुधाच्या पिशव्या धुऊन. पाऊस थांबला की त्या जलपर्णीच्या काठानं फिरतात, कारण माल तिथंच येऊन लागतो. आमच्या बाटल्या जिथे जिथे अडकल्या होत्या, त्या जागा त्यांनी न विचारता सांगितल्या. मी विचारलं, खर्र्याच्या पन्न्या?

"त्या कोन उचलन, बाप्पा? दिवसभर येचल्या तरी मूठभर नाई होत."

विदर्भाबाहेरच्यांसाठी: सुपारी, तंबाखू, चुना पातळ पन्नीत घोटून, गुंडाळून देतात तो खर्रा. खाऊन झाला की पन्नी तिथेच. आणि ती पॉलिथिनची असते. पॉलिथिन मुळातच पाण्यापेक्षा हलकं, तरंगायला त्याला हवा लागत नाही, झाकण लागत नाही. बाटलीचं झाकण गेलं की ती तळाला जाते. खुल्या समुद्रात जे तरंगताना सापडतं, त्यात पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिनच भरपूर असतं. म्हणजे जी वस्तू मावशी वेचतात तिच्या मागे आम्ही जीपीएस लावलाय, आणि जी समुद्राकडे जाते तिला तर सिमकार्ड चिकटवायलाही जागा नाही.

गोव्यातल्या माझ्या सहकाऱ्यानं त्या बाटलीची नोंद 'मानवी हस्तक्षेप' म्हणून काढून टाकली. नियमानं त्याचं बरोबर आहे. समुद्रातल्या मोजणीच्या तरंगत्या बोया कधी कोळी उचलतात, मग तो ठिपका होडीच्या वेगानं बंदराकडे पळतो आणि तेवढी नोंद छाटतात. पण कोळ्यानं बोया उचलणं हा समुद्राचा भाग नाही. मावशीनं बाटली उचलणं हा नागपूरच्या नदीचा भाग आहे, ते रोज होतं. १९९२ मध्ये पॅसिफिकमध्ये जहाजावरून २८ हजारांवर प्लास्टिकची खेळणी, बदकं, बेडकं वगैरे, पडली, त्यांच्यावरून आम्ही प्रवाह शिकलो आणि अजून वर्गात कौतुकानं सांगतो. अपघात चालतो, मावशी चालत नाहीत.

चिडून तो म्हणाला, "ठेव मग. पण मॉडेलमध्ये तुझ्या मावशीला काय समजायचं? तिचा ऋतू कोणता?"

त्यानं टोमणा मारला होता, मी मावशींना खरंच विचारलं. त्या म्हणाल्या, बाटलीचा भाव पडला की त्या पुठ्ठा आणि लोखंड बघतात, बाटल्या राहू देतात. म्हणजे माझ्या कणांना वारा आणि प्रवाहाबरोबर भंगाराचा भावही लावावा लागणार. मागच्या काही वर्षांचे भाव दुकानदाराच्या वहीत आहेत. दोनदा मागून झाले. त्याला अजून वाटतं, मी जीएसटीवाली आहे.