नाव ठेवणारे

"मावशी, याला स्पर्म व्हेल का म्हणतात गं?"

टीव्हीवर माहितीपट चालू होता. भाचीने विचारलं आणि खोलीतली मोठी माणसं एकदम आपापल्या मोबाइलमध्ये शिरली.

सांगितलं मी. लपवायचंय काय त्यात? या प्राण्याच्या अवाढव्य डोक्यात मेणासारखं पांढरट तेल असतं. व्हेलच्या शिकाऱ्यांना ते वीर्य वाटलं, आणि नाव चिकटलं. पुढे त्याच्या मेणबत्त्या झाल्या. खरं तर हे सगळं आवाजासाठी असतं, खोल अंधारात भक्ष्य हुडकायला.

यावर ती म्हणाली, "म्हणजे त्यांनी तो मेल्यावरच नीट बघितला?"

तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय. हजार मीटरहून खोल बुडी मारणारा, प्राणिजगतातला सर्वांत मोठा मेंदू असलेला जीव. आणि नाव पडलं ते फोडलेल्या डोक्यावरून!

जेलीफिश, स्टारफिश हे मासे नाहीत, ती चूक मी माफ करते. पाण्यात दिसेल तो मासा, इतकं साधं आहे ते. आपला देवमासाही मासा नाहीच, पण निदान नावात देव तरी आहे. किलर व्हेल तर डॉल्फिनच्या कुळातला, त्याच्या माथी थेट खुनाचा आरोप.

जिवंत प्राण्याकडे निवांत बघून ठेवलेलं एखादं नाव सुचतंय का तुम्हाला?