सुट्टीचा दर

२८ डिसेंबर, रविवार रात्र

ताई आणि भावजी काल पुण्याहून आले. नाशिकला आल्यावर त्यांना मिसळ लागतेच, आणि तीही गावाबाहेर, झाडाखाली बसून. म्हणून सकाळी आम्ही पाचही जण गंगापूर रोडला निघालो. नाताळची सुट्टी आणि वर रविवार. मुंबई-ठाण्याच्या गाड्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना लागलेल्या. नंबर लागायला पाऊण तास गेला. मिसळ मात्र फक्कड होती. काळ्या मसाल्याचा रस्सा, मटकी शिजलेली पण न फुटलेली, पापड, दही, शेवटी गरम जिलबी. ताईंनी दोनदा रस्सा मागून घेतला.

मग बिल आलं. कार्डावर मिसळ १३० रुपये, बिलात १७०. विचारलं तर पोऱ्यानं गल्ल्यामागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे वहीच्या पानावर पेननं लिहिलं होतं, ‘शनि-रवि व सुट्टीचे दर वेगळे’. आम्ही बसलो होतो तिथून ते पान दिसणं शक्यच नव्हतं. पाच माणसांचे २०० रुपये जास्त गेले. भावजी ‘जाऊ दे, सणवार आहे’ म्हणाले आणि पैसे देऊन मोकळे झाले.

मला ते अजून टोचतंय. २०० रुपये गेले म्हणून नाही, जेवण पोटात गेल्यावर दर कळला म्हणून. आधी सांगितलं असतं तर कदाचित आम्ही तिथेच खाल्लं असतं. पण ते ठरवणं आमच्या हातात राहिलं असतं.

परतताना गाडीत यावरच बोलणं. ताई म्हणाल्या, येताना बसवाल्यानंही जास्तच घेतले. पण तिथे निदान काही रेघ तरी आहे. खाजगी बसवाल्यांनी एसटीच्या भाड्याच्या दीडपटीवर जाऊ नये, असं सरकारनं २०१८ मध्येच ठरवून दिलंय. ती रेघ किती पाळली जाते ते गर्दीच्या दिवशी तिकीट काढणाऱ्याला ठाऊक. ताटातल्या जिनसेला तीही नाही. पाण्याच्या बाटलीवर किंमत छापलेली असते, पण हॉटेलात बसून मागवली तर त्या छापील किमतीचं बंधन नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे. मिसळीवर तर काही छापलेलंच नसतं. मालक म्हणेल तो भाव.

आणि मालकाचंही काही खोटं नाही, हे मला लिहिलंच पाहिजे. पंचवटीत आमचं पोळी-भाजी केंद्र आहे, चौदा वर्षं झाली. सोमवार ते गुरुवार अशा अंगणांत कुत्रंही फिरकत नाही, पण भाडं आणि स्वयंपाक्याचा पगार सातही दिवसांचा असतो. सुट्टीला रोजंदारीवर चार माणसं जास्त आणावी लागतात आणि तीही त्या दिवशी अडूनच बसतात. शिवाय गर्दीचा अंदाज चुकला की माल अंगावर. २०१५ च्या कुंभात २९ ऑगस्टच्या पहिल्या शाही स्नानाला आम्ही रात्रभर जागून ४०० पोळ्या लाटल्या होत्या. बॅरिकेडमुळे गिऱ्हाईक आमच्या गल्लीपर्यंत पोचलंच नाही. दुपारी त्या पोळ्या वाटून टाकल्या. तो तोटा कुणी भरून दिला नाही.

मग सुट्टीचा दर जास्त असावा की नसावा? झोप येत नाही म्हणून लिहीत बसलेय.

३० डिसेंबर, मंगळवार

मेलबर्नहून भाच्याचा फोन आला होता, ताईंशी बोलायला. ताईंनी त्याला मिसळीचं पुराण ऐकवलं. तो म्हणाला, मामी, आमच्याकडे सार्वजनिक सुट्टीला कॅफेत दहा-पंधरा टक्के जास्त लावतात आणि कुणी भांडत नाही. का, तर ते मेनूवर ठळक छापावं लागतं, आणि त्या दिवशी काम करणाऱ्याला नेहमीच्या दुपटीहून जास्त मजुरी द्यावी लागते. हा शिकत असताना कॅफेत बश्या उचलायचा. २६ डिसेंबरची पाळी मुद्दाम मागून घ्यायचा आणि त्या एका दिवसाच्या पैशांत आठवड्याचा किराणा भरायचा.

फोन ठेवला आणि मला परवाचा तो पोऱ्या आठवला. सोळा-सतराचा असेल. आमच्या टेबलावर रस्सा वाढताना त्याचा हात थरथरत होता, सकाळी सहापासून उभा होता म्हणे. आमच्या त्या २०० रुपयांतला एक रुपया तरी त्याच्या खिशात गेला असेल का?

लेकीला हे सांगितलं. ती एमकॉम करतेय, तिनं तिच्या अभ्यासातली एक गोष्ट सांगितली. कॅनडात १९८६ च्या सुमारास संशोधकांनी लोकांना फोन करून विचारलं होतं: दुकानदार बर्फ उपसायचं फावडं १५ डॉलरला विकतो, मोठं वादळ झालं आणि दुसऱ्या दिवशी त्यानं भाव २० केला, तर हे बरोबर का? शंभरातले ८२ जण ‘अन्याय’ म्हणाले. पण दुकानदाराचाच खर्च वाढला आणि म्हणून भाव वाढला, तर तेच लोक समजून घेतात. मला हे फार पटलं. आपल्या गावातलं साधं माणूसही असंच बोलतं. ‘गूळ महागला’ म्हटलं की गिऱ्हाईक मान डोलावतं. ‘आज गर्दी आहे’ म्हटलं की त्याच्या कपाळाला आठी पडते.

पण मग माझं काय? गेल्या होळीला मी पुरणपोळी २५ ची ३० केली होती. डाळ-गूळ तेवढं महागलं नव्हतं. केंद्रात पोळ्या लाटणाऱ्या दोघी ताई पहाटे चारला आल्या आणि दुपारी तीनला गेल्या. मोठीच्या घरी पुरण रात्री नऊला शिजलं, तिनंच दुसऱ्या दिवशी सहज सांगितलं. महिना संपल्यावर मी दोघींना नेहमीचाच पगार दिला. वरचे पाच-पाच रुपये सगळे गल्ल्यात राहिले. मिसळवाल्यानं भिंतीवर कागद तरी लावला होता, मी तेवढंही केलं नव्हतं.

राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत आणि त्या दिवशी कामाला बोलावलं तर दुप्पट मजुरी. आमच्यासारख्या दोन-तीन माणसांच्या दुकानाला ते कलम लागू होत नाही. लागू नाही म्हणून करायचंच नाही, असं थोडंच आहे.

१ जानेवारी, गुरुवार

संक्रांत पंधरवड्यावर आली. कालपासून गूळपोळीची विचारणा सुरू झाली आहे. म्हणून आज दुपारी दोघी ताईंना पुढ्यात बसवून बोलले. गूळपोळी ३० ची, १२ ते १४ तारखेला ३५. वरचे पाच रुपये तुमचे. ६०० पोळ्या गेल्या तर ३,००० रुपये, दोघींत निम्मे निम्मे. तीळ-गुळाचा भाव वाढला तर तो वेगळा धरू, या पाचाला हात लावणार नाही. आणि बोर्ड आजच लावू, ‘वाढीव ५ रुपये कामगार ताईंसाठी’.

धाकटी खूश झाली. मोठी गप्प. मग म्हणाली, “काकू, बोर्डावर आमचं नाव नका घालू. गल्लीतली माणसं म्हणतील, ह्या मागतात म्हणून पाच रुपये जास्त पडतात. दर तुमचा, तुम्हीच लावा.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. देणारी मी आणि मिंधेपणा तिच्या माथी, असं झालं असतं.

थोड्या वेळानं तीच पुन्हा म्हणाली, “आणि संक्रांतीला मला अकराला सोडा. गेली तीन वर्षं सुगडं माझ्या सासूनंच पुजलीत.”

अकरानंतर तर खरा धंदा. मी हिशेब मांडून पाहिला, किमान १५० पोळ्या जातील. भोगीची भाजी आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या १३ तारखेच्या, त्यांना धक्का नाही. पण संक्रांतीची दुपार हातची जाते. ह्यांना विचारलं, तर म्हणाले तुझं दुकान, तू ठरव.

कुंभाचं ध्वजारोहण यंदाच ३१ ऑक्टोबरला आहे, आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये स्नानं सुरू झाली की रामकुंडाकडे जाणारी माणसं आमच्या दारावरून जातील. डोक्यावर गाठोडं, पायात फाटकी चप्पल, सगळा दिवस चालून आलेली. त्यांच्या पोळीवर मी एक रुपयाही चढवणार नाही, हे आजच इथे लिहून ठेवते. सुट्टी घालवायला आलेला आणि नाइलाजानं भुकेला, या दोघांना एकच दर लावता येत नाही. त्या दिवसांत जास्तीची मजुरी कुठून काढायची ते अजून सुचलेलं नाही.

संध्याकाळी खडूनं बोर्ड लिहिला:

गूळपोळी ३० रु.
१२, १३, १४ जानेवारी ३५ रु.
संक्रांतीला दुकान सकाळी ११ पर्यंतच.
ऑर्डर १२ तारखेपर्यंत द्यावी.

समोरच्या आजींनी चष्मा सावरत वाचला, “अकरापर्यंतच का गं?” म्हणाल्या आणि वीस पोळ्या सांगून गेल्या, १३ तारखेच्या, ३५ च्या दरानं.