भरतीचा हिशेब आणि विषम सालाचा मासा

२०२३ ची नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला होती. आमच्या घरी श्रावण नारळी पौर्णिमेपर्यंतच पाळतात. दर्याला नारळ दिला की मासे खायला आणि गरवायला मोकळे. त्यानंतरचा शनिवार म्हणजे २ सप्टेंबर, इथे लेबर डेची जोडून सुट्टी. आणि साल विषम. सिएटलच्या आसपास गरवणाऱ्या माणसाला या तीन गोष्टी एकत्र आल्या की घरात बसवत नाही.

विषम सालाचे कारण गुलाबी सॅल्मन, इथल्या भाषेत पिंक. पॅसिफिकमधल्या सॅल्मनांतला हा सगळ्यात लहान, दीड-दोन किलोचा. आयुष्य बरोबर दोन वर्षांचे. नदीच्या वाळूखड्यांत अंड्यातून बाहेर पडला की पिल्लू लगेच समुद्राची वाट धरते, तिथे वाढते, आणि दुसऱ्या वर्षी पावसाळा संपताना आपल्याकडे नद्या भरलेल्या असतात त्या दिवसांत परत नदीत शिरते, अंडी घालते आणि मरते. एक वर्ष थांबून उशिरा येणारे यांच्यात नसतात. त्यामुळे सम सालाचे आणि विषम सालाचे मासे एकाच समुद्रात असूनही त्यांची सोयरीक कधी होत नाही. अलास्कात काही नद्यांना दोन्ही सालांचे मासे येतात. सिएटलच्या प्युजेट साउंड या समुद्राच्या फाट्यात मात्र विषम साल म्हणजे लाखोंनी मासे, आणि सम साल जवळजवळ कोरडे. २०२१ ला मी घरातून बाहेर पडले नव्हते, म्हणून २०२३ ची वाट दोन वर्षे पाहिली होती.

मी रत्नागिरीची. भाट्याच्या खाडीवर बाबांबरोबर गरवायला जायचे तेव्हा पहिला धडा गरीचा नव्हता, तिथीचा होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास खाडी काठोकाठ, अष्टमीला सहाला, मधल्या दिवशी मधले. घड्याळ नसलेल्या माणसालाही चालणारा हा हिशेब. सिएटलला आल्यावर पहिल्या वर्षी मी तो इथे लावून पाहिला आणि पौर्णिमेच्या दुपारी बाराला किनाऱ्यावर गेले, तर समोर नुसता चिखल आणि शिंपले. इथे उन्हाळ्यात त्याच तिथीला दुपारी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी असते. शिवाय दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात, दोन ओहोट्या तर त्याहून नाहीत. एक ओहोटी पार तळ दाखवते, दुसरी अर्ध्यावरच थांबते. तेव्हापासून मी मुकाट्याने छापील तक्ता बघते.

तक्ता सांगत होता, शनिवारी सकाळी साडेसातच्या सुमारास भरती. म्हणजे उजेड होताना पाणी चढत असणार, आणि चढत्या पाण्याबरोबर मासा आत येणार. पहाटे पाचला घर सोडले.

नदीचे नाव ड्युवामिश. सिएटल शहराच्या दक्षिण अंगाने समुद्राला मिळते. ही नदी बघायला कोणी पर्यटक येत नाही. दोन्ही काठांना गोदामे, सिमेंटचे कारखाने, कंटेनरच्या थप्प्या, डोक्यावर विमाने. एकेकाळी ती वळणे घेत, दलदलीतून पसरत जायची. १९०६ च्या पुरानंतर तिची एक मोठी उपनदी दुसऱ्या खोऱ्यात गेली. १९१३ पासून खालचा भाग खणून सरळ केला. १९१६ ला जहाजांच्या कालव्यासाठी लेक वॉशिंग्टनची पातळी सुमारे नऊ फुटांनी उतरली आणि त्या तळ्यातून निघणारी ब्लॅक नदी आटूनच गेली. कारखान्यांनी गाळात जे सोडले त्यामुळे २००१ मध्ये खालचा पट्टा देशातल्या अतिदूषित जागांच्या यादीत आला, सफाई अजून चालू आहे. काठावर अनेक भाषांत पाट्या आहेत: इथले खेकडे, शिंपले, कायम इथेच राहणारे मासे खाऊ नका. सॅल्मन मात्र खायला चालतो, कारण तो वाढतो समुद्रात आणि या गाळावरून फक्त पुढे जातो. ही पाटी मी प्रत्येक वेळी थांबून वाचते. ज्या नदीचे माणसांनी इतके हाल केले, तिला मासा अजून ओळखतो याचे मला फार वाटते.

टुकविलाजवळ जिथे गरवायची परवानगी होती त्या पट्ट्यात पोचले तेव्हा काठावर पंधरा-वीस जण आधीच उभे होते. बहुतेक व्हिएतनामी, कंबोडियन, फिलिपिनो, काही मेक्सिकन, दोघेतिघे गोरे. परवाना आणि पकड नोंदायचे कार्ड खिशात हवेच होते. मासा ठेवला की त्याच क्षणी शाईने नोंद करायची. गरीचे उलटे काटे मी पक्कडीने दाबूनच टाकते. गरी तोंडाबाहेर कुठे रुतली असेल तर मासा सोडायचा. आणि जातीची पारख हवी, कारण प्रत्येक जातीचे नियम वेगळे. पिंकच्या शेपटीवर मोठे लांबट ठिपके, खवले बारीक. चिनूक या दुसऱ्या जातीच्या सॅल्मनच्या खालच्या जबड्यातली हिरडी काळी. प्युजेट साउंडचा चिनूक १९९९ पासून संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे, त्याच्या बाबतीत चूक करून चालत नाही.

पाणी चढत होते. मासे दिसायला शोधावे लागत नव्हते. दर मिनिटाला कुठेतरी एक चांदीचा तुकडा हवेत उडी मारून धप्पकन कुशीवर पडत होता. पण उडणारा मासा गरीला येईलच असे नाही. मी तासभर गुलाबी जिग, म्हणजे वजन लावलेली बनावट आमिषाची गरी टाकत होते, ओढत होते, रिकामी काढत होते. माझा हात खाडीतला. आम्ही आमिष लावून स्थिर बसणारे, मासा भुकेला असतो हे धरून चालणारे. इथे तो हिशेबही उपयोगाचा नाही. नदीत शिरलेला पिंक खाणे बंद करतो. तो गरीवर येतो तो भुकेने नव्हे, डिवचला गेल्यामुळे.

शेजारी एक सत्तरीचे व्हिएतनामी आजोबा होते. त्यांचे तीन मासे झाले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, काही न बोलता आपला रॉड उचलून दाखवला: जिग तळाला जाऊ द्यायची, मग मनगटाने दोन लहान झटके, मग दोरी सैल सोडून थांबायचे. परत दोन झटके. मासा झटक्याला येत नाही, त्यानंतरच्या थांबण्यात येतो. चौथ्या फेकीला दोरी नुसती जड झाली, जणू ओली चिंधी अडकली आहे, आणि मग ती चिंधी उलट्या दिशेने धावली.

पहिल्याच्या पंखाजवळ गरी रुतली होती, तो पाण्यातच सोडला. दुसरा नर, पाठीवर कुबड धरू लागलेले. या कुबडामुळे इथले लोक पिंकला हम्पी म्हणतात. अजून रंगाने चांदीचा होता, म्हणजे समुद्रातून येऊन फार वेळ झाला नव्हता. तिसरी मादी. दोन पुरे होते. आजोबांनी पुढचे शिकवले तेही न बोलता: लगेच कल्ले कापून मासा बादलीत धरायचा, रक्त पूर्ण जाऊ द्यायचे, मग बर्फात. पिंकचे मांस तासा-दोन तासांत मऊ पडते. सुपरमार्केटमध्ये हा बहुतेक डब्यातच का दिसतो ते तेव्हा कळले.

भरती भरून पाणी थांबले तसे मासेही थांबले. लोक पांगले. मी मात्र दुपारपर्यंत राहिले, कारण मला एक दगड बघायचा होता.

तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर, सेसिल मोझेस पार्कच्या पादचारी पुलाखाली, ओहोटीला नदीच्या पात्रात खडकांची एक रांग उघडी पडते. इथल्या मूळ लोकांची कथा अशी की उत्तरवाऱ्याने नदीवर बर्फाचा बांध घातला आणि मासे वर जाऊ देईना. वरची माणसे उपाशी पडली. चिनूक वाऱ्याची, म्हणजे उबदार वाऱ्याची माणसे त्याने मारली होती, त्यातला वादळवारा नावाचा एक मुलगा आजीने वाढवला. तो मोठा झाला, त्याने उत्तरवाऱ्याला हरवले आणि बांध फोडला. उरला तो दगड झाला. त्या लोकांच्या पुढाऱ्यांनी अमेरिकन सरकारशी केलेल्या १८५५ च्या तहात जमीन सोडली तेव्हा मासेमारीचा हक्क मात्र राखून ठेवला होता. तो खरोखर मिळायला १९७४ चा न्यायाधीश बोल्ट यांचा निकाल यावा लागला: पकडीतला अर्धा वाटा तहातल्या जमातींचा. आजही ठरलेल्या दिवशी मकलशूट लोकांची जाळी या नदीत लागतात.

दीडला पुलावर उभी होते. पाणी भराभरा उतरले होते. आधी एक काळा ठिपका, मग दुसरा, मग तिरकी रांग, शेवाळलेली, मधल्या फटीतून पाणी खळाळत जाणारी. त्या फटीत एक मासा अंग आडवे करून थबकला, शेपटी दोनदा हलवली आणि वर निघून गेला.

रात्री मासे साफ केले. मादीच्या पोटात गाबोळी निघाली, पण आपल्यासारखी रवाळ नाही. बारीक मटाराएवढे नारिंगी दाणे, तव्यावर टाकले की फुटतात. ती मिठात ठेवली. तुकड्यांना आगळ, मीठ, तिखट लावले, रवा जाडसर. उलथताना तुकडे मोडतात, म्हणून एकदाच उलटायचे. आपल्या हॉटेलांत रावसाला इंडियन सॅल्मन म्हणतात, पण दोघांचे काही नाते नाही. रावस घट्ट, हा लोण्यासारखा.

जेवण झाल्यावर रत्नागिरीला फोन लावला. तिकडे रविवारची सकाळ.

"नारळ दिलास काय गो?" आईने आधी विचारले. मी म्हटले, फोडला, आणि खोबरे आमटीत घातले. मग बाबा आले. मासा केवढा हे त्यांनी नंतर विचारले.

"भरती कितीला होती?"

"साडेसातला."

"आणि सुकती?"

"दीडला."

थोडा वेळ नुसते कागदाचे आवाज. कालनिर्णय भिंतीवरून काढले होते.

"पुनीव एकतीसला सकाळी संपली, तिथून शनिवार दुसरा दिवस. दोनाचे पाऊणपट दीड. दीडला तुमची सुकती, म्हणजे हिशेब बरोबर आहे, फक्त सहा तासांनी सरकवायचा. उद्या तिसरा, सव्वादोन. सहा मागे जा, सव्वाआठ."

मी तक्ता उघडला. दहाएक मिनिटांचा फरक होता.

"आणि दोन भरत्यांत मोठी कुठली ते बघून ठेव," बाबा म्हणाले. "ते मला इथून नाही सांगता यायचे."