तुम्ही विचारलंत म्हणून : तारली कुठे गेली, हे सगळे मिळून का सांगत नाहीत?

रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवर, हर्णैच्या मासळी-लिलावात, कधी मच्छीमार सोसायटीच्या सभेत, मत्स्यशास्त्र शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "सर, एवढ्या संस्था आहेत, मग तारली कुठे गेली, बांगडा का हटला, हे सगळे मिळून एकदा का सांगत नाहीत? पैसे कमी पडतात काय?" पैसे कमी पडतात, हे खरेच आहे, पण आहेत ते पैसे ज्या रीतीने वाटले जातात, त्या रीतीने याचे उत्तर मिळणे कठीण आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तारली या लहान, तेलकट माशाचेच (सार्डिन) पाहा. केरळात 2012 साली सुमारे चार लाख टन तारली उतरली आणि 2021 साली साडेतीन हजार टनांहूनही कमी. तारली मुख्यतः पावसाळ्यात अंडी घालते. त्याच दिवसांत पश्चिम किनाऱ्यालगत खालचे थंड, पोषक क्षारांनी भरलेले पाणी वर येते, त्यावर डायटमसारखे सूक्ष्म शेवाळ वाढते आणि पिल्लांची सोय होते. मात्र या पाण्यात प्राणवायू कमी असतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोर 1997 पासून चालवलेल्या मोजणीत, पावसाळा सरताना तळाजवळचा प्राणवायू जवळजवळ संपलेला दिसतो. तेव्हा वारा, पाणी, शेवाळ, पिल्ले आणि आपली जाळी यांतले एकच काही मोजून तारलीचा हिशेब लागत नाही.

आपल्याकडे मात्र मोजणी वाटून दिलेली आहे. बंदरावर उतरलेल्या मासळीचा अंदाज केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्था काढते, जी कृषी मंत्रालयाच्या छत्राखाली येते. समुद्रातली पाहणी भारतीय मत्स्य सर्वेक्षण करते, ते मत्स्यव्यवसाय मंत्रालयाचे. उपग्रहावरून मासळीच्या जागांचा अंदाज देणारी हैदराबादची संस्था पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची. आणि वर सांगितलेली गोव्याची संस्था वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची. त्यात 12 सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या कायद्याखाली आणि त्यापुढची केंद्राच्या. यांतली प्रत्येक संस्था आपले काम नेकीने करते, हे मी जवळून पाहिले आहे, पण त्यांचे आकडे एका टेबलावर क्वचितच येतात.

याचा परिणाम प्रयोगशाळेत दिसतो. तारलीचे पोट उघडले की आत हिरवट तपकिरी लगदा निघतो. त्याचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की डायटमच्या कवचांची नक्षी दिसते. गाबोळीचे (माशाच्या अंड्यांच्या पिशवीचे) वजन करून ती किती पिकली ते नोंदवायचे, डोक्यातला खडा काढून त्यावरच्या वलयांवरून वयाचा अंदाज घ्यायचा. एवढे सगळे झाल्यावर, हा मासा ज्या पाण्यात चरला त्या पाण्यात त्या आठवड्यात शेवाळ किती होते, हे विचारले तर वहीत काहीच नसते, कारण पाण्याची मोजणी त्या प्रकल्पाच्या मंजूर खर्चात बसवलेलीच नव्हती.

अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रात 2007 पासून एक वेगळी व्यवस्था उभी राहिली. तेथे नॉर्थ पॅसिफिक रिसर्च बोर्ड आणि नॅशनल सायन्स फाउंडेशन या अमेरिकेतल्या संशोधनाला पैसा देणाऱ्या दोन संस्थांनी मिळून सुमारे 5 कोटी 20 लाख डॉलर एका प्रश्नामागे लावले : समुद्रावरचा बर्फ बदलला तर पोलॉक आणि कॉड यांसारख्या व्यापारी माशांचे, आणि त्यांवर जगणाऱ्या माणसांचे, काय होईल? फाउंडेशनचा भर बर्फ, पाणी आणि प्लवकांवर (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर) होता, बोर्डाचा मासे, पक्षी आणि किनाऱ्यावरच्या वस्त्यांवर. गणिती प्रारूपे करणारेही त्याच आराखड्यात होते, आणि स्थानिक लोकांचे ज्ञान हा अभ्यासाचा रीतसर भाग होता. बोर्डाचा पैसा एका कायम निधीच्या व्याजातून येतो, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

कोकणासाठी मी जे मागतो, ते याच्या शतांशानेही सुरू होईल. प्रश्न एकच असावा, तारलीचा किंवा बांगड्याचा. मुदत किमान दहा वर्षांची असावी, कारण तीन वर्षांच्या प्रकल्पात माणसे नेमण्यात आणि हिशेब पुरे करण्यात मोठा वेळ जातो आणि हाती जेमतेम दोन हंगाम लागतात. सर्वांत अवघड बाब पावसाळ्याची आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, आणि तारलीचे भवितव्य ठरते ते याच दिवसांत. त्यामुळे खवळलेल्या समुद्रात टिकेल अशा संशोधन जहाजाचे पावसाळ्यातले दिवस आधीच राखून ठेवावे लागतील, आणि तो खर्च कोणत्याही एका संस्थेला पेलणार नाही.

आकडे सांभाळणाऱ्या माणसाचा पगारही पहिल्या दिवसापासून धरलेला हवा. तसेच मालवणच्या रापणवाल्यांना (किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्यांना) आणि मिरकरवाड्याच्या तांडेलांना (होडीच्या प्रमुखांना), कुठल्या वावात, म्हणजे किती खोल पाण्यात, काय लागले याची नोंद ठेवण्याबद्दल मानधन मिळावे, आणि त्या नोंदींतून काय निघाले ते दर वर्षी 1 ऑगस्टला होड्या पाण्यात जाण्यापूर्वी त्यांच्यासमोर मराठीत मांडले जावे.