न मागितलेले कॉलम

‘अगं, एंटिटी आहे ना आपल्याकडे? मग हे वेगळे रेकॉर्ड कशाला वाढवलेस?’ वरिष्ठांनी विचारले ते एवढेच. एंटिटी म्हणजे टेबलातल्या पूर्ण ओळीचे जावामधले रूप, आणि मी लिहिलेले रेकॉर्ड म्हणजे त्यातली हवी तेवढीच मूल्ये धरणारा लहानसा वर्ग. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. उत्तराची वाट न पाहता ते पुढच्या फाइलकडे वळले, आणि मला लागले ते बहुधा हेच. दिवसभर हातातले काम चालू राहिले, पण मन त्या वाक्यापाशीच घुटमळत होते.

अर्जांच्या यादीची ती स्क्रीन. यादीत दिसते काय, तर अर्जाचा क्रमांक, अर्जदाराचे नाव, सद्यस्थिती आणि शेवटच्या बदलाची तारीख. टेबलात मात्र तिसेक कॉलम आहेत आणि त्यांतच अर्जाचा संपूर्ण मजकूर आहे, वर्षानुवर्षे साठत गेलेली टिपणेही आहेत. एंटिटी मागवली की हायबरनेट, म्हणजे जावा आणि डेटाबेस यांच्यामध्ये काम करणारी लायब्ररी, हे सगळे कॉलम निवडते. लॉगमध्ये ती क्वेरी, म्हणजे डेटाबेसला धाडलेली कॉलमांची मागणी, वाचताना ‘सिलेक्ट’पासून ‘फ्रॉम’पर्यंत पोचायला कित्येक ओळी उतराव्या लागतात. माझ्या क्वेरीत चार नावे येतात आणि लगेच ‘फ्रॉम’ येतो. ती ओळ पहिल्यांदा लॉगमध्ये उमटलेली पाहिली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. तो आनंद कोणाला सांगावा असा प्रश्न तेव्हाही पडला होता, पण ते राहू दे.

मला सलते ते हे की टाळलेले काम कोणाच्याच नजरेस पडत नाही. नवी स्क्रीन केली तर ती दाखवता येते, नवे बटण दाबून पाहता येते. जो मजकूर डेटाबेसने वाचलाच नाही तो कसा दाखवायचा? पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसमध्ये ओळ साधारण २ किलोबाइटच्या पुढे गेली की तिच्यातली लांबलचक मूल्ये आधी दाबून लहान केली जातात, आणि तेवढ्याने भागले नाही तर मुख्य टेबलाबाहेर, टोस्ट नावाच्या वेगळ्या टेबलात तुकड्यांनी ठेवली जातात. कॉलम मागितला नाही तर ते तुकडे शोधणे, जोडणे, उलगडणे यांतले काहीच घडत नाही. हे सगळे न घडणे माझ्या त्या लहानशा रेकॉर्डमुळे आहे, आणि पाहणाऱ्याला दिसते ती फक्त एक जास्तीची फाइल.

बरे, गोष्ट कॉलमांवरच थांबत नाही. एंटिटी आली की ती पर्सिस्टन्स कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे हायबरनेटच्या देखरेखीच्या वहीत, नोंदली जाते, आणि पुढे तिच्यात काही बदलले का हे ताडून पाहता यावे म्हणून हायबरनेट तिच्या मूळ मूल्यांची वेगळी नोंद जवळ बाळगते. ज्या यादीतल्या एकाही ओळीत कोणी बदल करणार नाही, तिच्यासाठी ही सारी राखण चालते. त्यावर त्यांचे उत्तर मला ठाऊक आहे, कारण ते पूर्वी त्यांनी दिलेले आहे: ट्रान्झॅक्शन रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचण्यापुरते, कर, झाले. त्याने मूळ मूल्यांची नोंद ठेवण्याचे काम वाचते हे खरेच आहे, पण तिसेक कॉलम तसेच निवडले जातात आणि नेटवर्कवरून तसेच येतात. शिवाय आमच्या एंटिटीत एक वन-टू-वन नाते (एका ओळीला दुसऱ्या टेबलातली एकच ओळ) आहे, ज्याची फॉरेन की, म्हणजे जोडणारा कॉलम, समोरच्या टेबलात आहे. असे नाते लेझी (गरज पडेल तेव्हाच आणायचे) म्हणून जाहीर केले तरी समोर ओळ आहे की नाही हे कळल्याशिवाय हायबरनेटला तिथे प्रॉक्सी (तात्पुरती बदली वस्तू) ठेवायची की नल (काहीच नाही), हे ठरवता येत नाही. म्हणून प्रत्येक अर्जामागे एकेक जादा क्वेरी सुटत होती. रेकॉर्डमध्ये ते नातेच नाही, त्यामुळे त्या क्वेरीही नाहीत. हे मी त्यांना सांगायला हवे होते. ते वळले आणि शब्द तोंडातच राहिले.

इथवर लिहिल्यावर मात्र त्यांच्या प्रश्नाची दुसरी बाजू समोर येऊ लागली आहे. हायबरनेट ज्या प्रमाणावर चालते त्या जेपीएची पहिली आवृत्ती २००६ मध्ये आली तेव्हापासून त्याच्या क्वेरीच्या भाषेत, जेपीक्यूएलमध्ये, निवडक कॉलमांतून थेट वस्तू घडवणाऱ्या ‘सिलेक्ट न्यू’ची सोय आहे, आणि तिची कटकटही तितकीच जुनी आहे. पॅकेजसकट वर्गाचे पूर्ण नाव क्वेरीच्या मजकुरात लिहावे लागते, आणि कन्स्ट्रक्टरला, म्हणजे वस्तू घडवणाऱ्या कोडला, मूल्ये जातात ती केवळ क्रमाने. माझ्या रेकॉर्डमध्ये नाव आणि सद्यस्थिती शेजारीशेजारी आहेत व दोन्ही स्ट्रिंग, म्हणजे साधा मजकूर, आहेत; उद्या कोणी क्वेरीत त्यांची अदलाबदल केली तर कंपायलर हूं की चूं करणार नाही आणि नावाच्या रकान्यात ‘प्रलंबित’ दिसू लागेल. रेकॉर्डऐवजी स्प्रिंग डेटा या लायब्ररीचे इंटरफेस (फक्त मेथडांची नावे सांगणारे साचे) घेतले तर मूल्ये नावावरून जुळतात, ही भीती उरत नाही. पण त्यांतल्या एखाद्या मेथडवर कोणी ‘व्हॅल्यू’ अ‍ॅनोटेशन लावून आत एक्स्प्रेशन, म्हणजे मूल्य काढायचे सूत्र, लिहिले की कोणते कॉलम लागतील हे स्प्रिंगला आधी कळू शकत नाही आणि ते मुकाट्याने पूर्ण एंटिटी आणते. बाहेरून सगळे तसेच दिसते. माझा कल रेकॉर्डकडे आहे तो त्यामुळेच.

तिसरी गोष्ट त्यांच्या मनात असणारच. प्रोजेक्शनमधून, म्हणजे रेकॉर्डसारख्या निवडक कॉलमांच्या मागणीतून, आलेली वस्तू पर्सिस्टन्स कॉन्टेक्स्टच्या देखरेखीखाली नसते. तिच्यातले मूल्य बदलले तरी ते डेटाबेसपर्यंत पोचत नाही. रेकॉर्डला सेटर (मूल्य बदलणाऱ्या मेथडी) नसतात म्हणून निदान तसा प्रयत्न होत नाही, पण साध्या डीटीओमुळे (मूल्ये वाहून नेणाऱ्या, सेटर असलेल्या वर्गामुळे) मागे जे झाले ते त्यांनीच निस्तरले होते, सुट्टीच्या दिवशी. त्याबद्दल इथे नको. एवढे मात्र वाटते की ‘कशाला वाढवलेस’ यामागे माझ्या कामाची किंमत कमी करण्याचा हेतू नसून त्या दिवसाची आठवण असावी.

तरी खुपायचे ते खुपतेच. रेकॉर्ड ठेवले तर लगेच कोणाच्या लक्षात येणार नाही; काढून टाकले तरी अर्ज वाढेपर्यंत, टिपणे लांबेपर्यंत यादी उघडत राहील. ज्या कामाचे यश न जाणवण्यातच आहे ते मी आवडीने निवडले, तेव्हा ते कोणाला जाणवले नाही म्हणून किती रुसायचे?

उद्या त्यांना लेखी उत्तर देईन. दोन्ही क्वेरी लॉगमधून जशाच्या तशा उचलून एकाखाली एक ठेवीन, त्या जादा क्वेरींसकट. अर्ज उघडून दुरुस्त करायच्या स्क्रीनवर एंटिटीच राहील, कारण तिथे बदल जतन व्हायचे आहेत आणि ती राखण तिथे कामाची आहे. प्रोजेक्शन फक्त यादीसाठी. सद्यस्थितीला स्ट्रिंगऐवजी ईनम (ठरावीक मूल्यांचा वेगळा प्रकार) करते, म्हणजे क्रम चुकला तर अ‍ॅप्लिकेशन निदान गप्प बसणार नाही. एवढे करूनही त्यांनी रेकॉर्ड काढायला सांगितले, तर निदान टिपणांचा कॉलम वेगळ्या टेबलात हलवायची परवानगी मागेन.