सेतेनिल: दगडाच्या छपराखाली एक दिवस

ऑक्टोबरात दक्षिण स्पेनमधल्या रोंदाला तीन रात्री मुक्काम होता. त्यातला एक दिवस सेतेनिल दे लास बोदेगास या कड्याच्या पोटात वसलेल्या गावासाठी ठेवला. गाडीने जेमतेम अर्धा तास लागतो, वाटेत ऑलिव्हच्या बागाच बागा. बस आहे, पण मोजक्याच फेऱ्या. रविवारी तर तिच्या भरवशावर राहू नका. नकाशात सेतेनिल नावाचं रेल्वे स्टेशन दिसेल, त्याला भुलू नका. ते गावापासून बरंच लांब आहे.

पहिली चूक माझी. मोबाईल सांगतोय म्हणून गाडी थेट गावात घातली आणि एका गल्लीत अडकलो. दोन्ही आरसे मिटले, आई खाली उतरून "ये, ये, अजून ये... थांब!" करतेय आणि मी घामाघूम. दारात बसलेल्या एका आजींनी स्वतःची खुर्ची उचलून आत घेतली, आम्ही निघाल्यावर परत बाहेर मांडली. त्यांचा हा रोजचाच कार्यक्रम असावा. तेव्हा गाडी वरच लावा आणि पायी उतरा.

लेणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे छिन्नी-हातोडा येतो. इथे तसं नाही. त्रेहो नदीने कडा खालून पोखरला, वरचा खडक पुढे आला. लोकांनी त्याच्याखाली फक्त दर्शनी भिंत बांधली, दार-खिडक्या बसवल्या, चुना फासला. छप्पर आणि मागची भिंत फुकटात! 'कुएवास देल सोल' (उन्हाच्या गुहा) ही उन्हाची गल्ली; तिथे नदीकाठी खाण्यापिण्याची दुकानं. पलीकडच्या 'कुएवास दे ला सोंब्रा'त खडक अख्ख्या रस्त्यावर पसरलाय, भर दुपारी दुकानांत दिवे. मला ही सावलीची गल्ली जास्त आवडली. एका दुकानात मागच्या भिंतीला हात लावून पाहिला: गार, खरखरीत, आणि त्यातच खिळा ठोकून कॅलेंडर टांगलेलं. "डोक्यावर एवढा डोंगर घेऊन झोप कशी लागते यांना?" आईचा प्रश्न. दुकानदारीणबाईंना मोबाईलवरून भाषांतर करून विचारलं, तर त्या नुसत्या हसल्या.

बहुतेक लोक या दोन गल्ल्यांत फोटो काढून परततात. तुम्ही वर किल्ल्याच्या बुरुजापर्यंत जा. 1407 साली वेढा घालूनही हे गाव पडलं नव्हतं; 1484 मध्ये राणी इसाबेल आणि राजा फर्नांदो यांच्या फौजेने तोफा लावून ते जिंकलं. 'सात वेळा प्रयत्न, हाती शून्य' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून सेतेनिल नाव पडलं, अशी दंतकथा तिथे हमखास ऐकवतात. मला नावातल्या 'बोदेगास'चं, म्हणजे दारूच्या कोठारांचं, जास्त वाईट वाटलं. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीने द्राक्षवेली संपवल्या, नाव तेवढं राहिलं. पर्यटन कार्यालयातही डोकावा, तिथलं जुनं लाकडी छत बघण्यासारखं आहे.

खाण्याचं. शाकाहाऱ्यांनी 'सिन कार्ने' (मांस नको) एवढंच म्हणून भागत नाही. हॅमला कित्येक ठिकाणी मांसात धरतच नाहीत आणि सॅलडमध्ये ट्यूना निघतो. 'सिन हामोन, सिन आतून' (हॅम नको, ट्यूना मासा नको) असं वेगवेगळं सांगा. सालमोरेहो, म्हणजे टोमॅटोचं दाट गार सूप, वरचं हॅम आणि अंडं काढायला सांगून मागवा. पालक-छोले मिळाले तर सोडू नका. त्यात जिरं असतं, आईने दुसऱ्यांदा मागवले. जेवण दीड ते चारमध्येच उरका, नंतर स्वयंपाकघर बंद. छोटी दुकानंही दुपारी मिटतात, म्हणून बदाम, ऑलिव्ह तेल वगैरे घ्यायचं ते सकाळीच घ्या.

सकाळी दहाच्या आत पोचलात तर गल्ल्या मोकळ्या मिळतात, अकरानंतर टूरच्या बस येतात. चार-पाच तास पुरे होतात. जुलै-ऑगस्टचं ऊन टाळलेलं बरं. बूट मात्र पकड असलेले हवेत, उतारावरचे दगड झिजून गुळगुळीत झालेत. गुडघे दुखणारं कुणी सोबत असेल तर परतीच्या चढासाठी वेळ राखून ठेवा. आई तीनदा बसली. तिसऱ्यांदा ज्या पायरीवर बसली, ती त्याच खुर्चीवाल्या आजींच्या दाराची निघाली.