नायट्रोजनचा जार आणि सातशे पट फुगणारा वायू

मराठवाड्यात द्रवरूप नायट्रोजन सगळ्यात जास्त फिरतो तो मोटरसायकलवर. गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी पशुधन पर्यवेक्षकाच्या गाडीला बांधलेला तीन लिटरचा ॲल्युमिनियमचा जार गावोगाव ओळखीचा आहे. त्याच्या खालोखाल त्वचारोगतज्ज्ञाचा दवाखाना, आणि अलीकडे लग्नात, मॉलमध्ये, जत्रेत 'स्मोक पान', म्हणजे नायट्रोजननं धूर काढणारं पान, विकणारा स्टॉल. तिन्ही ठिकाणी पदार्थ एकच, तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस. लोक घाबरतात ते या आकड्याला. खरं तर जास्त लक्ष दुसऱ्या आकड्याकडे हवं: एक लिटर द्रवाचा साधारण सातशे लिटर वायू होतो. थंडीनं बोट भाजेल, पण जीव जातो तो बहुतेक वेळा या फुगण्यानं.

आधी जारबद्दल. आत एक भांडं, बाहेर दुसरं, मधे निर्वात पोकळी. आतलं भांडं मानेवर लटकलेलं असतं आणि ती मान उष्णता कमी वाहणाऱ्या फायबरग्लासची असते. म्हणून जार आपटला, आडवा पडला किंवा खड्ड्यातून उडाला की बाहेर पोचा न दिसताही मानेला तडा जाऊ शकतो. निर्वात गेलं की बाहेरच्या अंगाला घाम सुटतो, मग पांढरं दव गोठतं. असा जार वापरातून काढायचा. बाहेर दव दिसायच्या आधीच तो ओळखायचा असेल तर वजन करा. एक लिटर नायट्रोजन सुमारे ८०० ग्रॅम भरतो, म्हणजे तीन लिटरच्या जारमध्ये जास्तीत जास्त २.४ किलो. ताणकाट्यावर रोज ठरलेल्या वेळी वजन घेऊन जारवर चिकटवलेल्या कागदावर लिहायचं. रोजची घट अचानक दुप्पट झाली तर जार निकामी होत आला आहे असं समजा. मे महिन्यात परभणी-नांदेडचा पारा ४२-४३ वर गेला की चांगल्या जारचीही घट थोडी वाढते, त्यामुळे तुलना त्याच हंगामातल्या आकड्यांशी करावी. उन्हात उभ्या गाडीवर जार तासन् तास ठेवणं म्हणजे नायट्रोजन फुकट घालवणं.

झाकण सैल असतं, ते मुद्दाम. 'नायट्रोजन उडून जातोय' म्हणून त्यावर प्लास्टिक आवळणारे, बुचाला कापड गुंडाळून ठोकणारे भेटतात. तसं कधीही करू नका. वायूला बाहेर पडायची वाट नसेल तर दाब वाढत जातो आणि शेवटी जार फुटतो. हाच नियम घरच्या स्टीलच्या थर्मासला आणि पाण्याच्या बाटलीला लागू आहे. शाळेच्या प्रदर्शनासाठी थोडा नायट्रोजन मागायला येणाऱ्यांना आट्यांच्या झाकणाच्या भांड्यात तो देऊ नये, कितीही ओळखीचे असोत.

पातळी मोजायला भरीव लाकडी किंवा प्लास्टिकची काळी पट्टी घ्या. तळापर्यंत दहा सेकंद बुडवायची, बाहेर काढून हवेत हलवायची. जिथपर्यंत पांढरं दव धरतं तिथपर्यंत नायट्रोजन. पोकळ पाइप मात्र वापरू नये. गरम पाइप आत गेला की आतला द्रव उकळून वरच्या टोकातून कारंज्यासारखा तोंडावर येतो.

रिकाम्या, गरम जारमध्ये एकदम ओतला तरी उसळतो. आधी थोडा ओतून उकळणं शांत होऊ द्यायचं, मग सावकाश भरायचं. डोळ्यांवर गॉगल, त्यावर शक्य असेल तर चेहऱ्याची ढाल. हातमोजे सैल, झटकन निघतील असे. पँट बुटाच्या आत खोचू नये, बाहेरच असावी. कारण असं की उघड्या कोरड्या कातडीवर पडलेला थेंब स्वतःच्याच वाफेवर तरंगून घरंगळतो, फारसं काही करत नाही. पण तोच द्रव मोज्यात, बुटात, ओल्या शर्टात अडकला की मांस गोठतं. जारमधून निघालेल्या धातूला उघड्या हातानं धरलं तर कातडी चिकटते. सॅंडल घालून नायट्रोजन भरणं हा तर आपल्याकडचा सर्रास प्रकार.

आता रेतमात्रेचं, म्हणजे कृत्रिम रेतनासाठी गोठवलेल्या वीर्याच्या मात्रेचं. देवणी असो, लालकंधारी असो की संकरित गाय, वेळेवर माज ओळखूनही गाभण राहत नाही तेव्हा बोट गाईकडे दाखवलं जातं. अनेकदा दोष जार हाताळण्यात असतो. शुक्रजंतू ग्लिसरॉलच्या मदतीनं गोठवून टिकवता येतात हे १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये सिद्ध झालं, पण तापमान उणे १३० अंशांच्या वर गेलं की आतले सूक्ष्म बर्फकण वाढू लागतात आणि पेशी फाटतात. स्ट्रॉ, म्हणजे रेतमात्रेची बारीक नळी, पुन्हा नायट्रोजनमध्ये टाकली तरी झालेलं नुकसान भरत नाही, आणि वरून ती तशीच दिसते. म्हणून कॅनिस्टर (जारमधला स्ट्रॉ ठेवायचा डबा) मानेच्या आतच, दव धरतं त्या रेषेखाली ठेवायचा आणि लांब चिमट्यानं स्ट्रॉ निवडायची. पाच ते आठ सेकंदांत जमलं नाही तर कॅनिस्टर पूर्ण खाली सोडून पुन्हा सुरुवात करायची. कोणत्या कॅनिस्टरमध्ये कोणता वळू आहे याची चिठ्ठी झाकणावर असली की निम्मी शोधाशोध वाचते.

काढलेली ०.२५ मिलीची स्ट्रॉ ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद. पाणी थर्मामीटरनं मोजायचं; खिशात किंवा बगलेत धरून 'वितळवणं' हा रेतमात्रा वाया घालवायचा खात्रीचा मार्ग. मग ती पूर्ण कोरडी पुसायची, कारण पाण्याचा थेंबही शुक्रजंतूंना मारतो. काटकोनात कापायची आणि पंधरा मिनिटांच्या आत रेतन. ज्या स्ट्रॉचं टोक नीट बंद झालेलं नसतं तिच्यात नायट्रोजन शिरलेला असू शकतो. कोमट पाण्यात तोच सातशे पट फुगतो आणि स्ट्रॉ फटकन फुटते. इथेही गॉगल हवाच.

जिल्ह्याच्या ठिकाणी मोठे ३५ लिटरचे जार असतात, आणि तिथे हिशेब बदलतो. तेवढा सगळा सांडला तर सुमारे २४ घनमीटर वायू होतो. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली अवघी २८ घनमीटरची. दहा लिटर सांडले तरी अशा बंद खोलीतला प्राणवायू २१ टक्क्यांवरून सोळाच्या आसपास येतो. दहाच्या खाली गेला की माणूस बेशुद्ध होऊन कोसळतो. गुदमरल्याची जाणीव होत नाही, कारण ती होते कार्बन डायऑक्साइड साठल्यानं, आणि तो तर नेहमीसारखा बाहेर पडत असतो. वास नाही, रंग नाही. दिसतं ते पांढरं धुकं म्हणजे हवेतलं गोठलेलं बाष्प. वायू त्या धुक्याच्या पुढेही पसरलेला असतो. थंड असताना तो जड असतो म्हणून जमिनीलगत साचतो, त्यामुळे छताचा एक्झॉस्ट पुरत नाही, खाली झरोका लागतो. आत पडलेल्याला काढायला दुसरा धावतो आणि तोही पडतो. आधी दारं-खिडक्या उघडा, मदत बोलवा, वायू निघाल्याशिवाय आत जाऊ नका. काचा लावलेल्या एसी गाडीत जार नेऊ नये. लिफ्टमधून न्यायचा असेल तर जार एकटा पाठवावा, माणसं जिन्यानं.

दवाखान्यात चामखिळीवर स्प्रे किंवा कापसाच्या बोळ्यानं नायट्रोजन लावतात. चामखीळ आणि भोवतीची एक-दोन मिलिमीटर कातडी पांढरी पडेपर्यंत, जाडीप्रमाणे साधारण दहा ते तीस सेकंद. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. फोड येणं अपेक्षित असतं. तो फोडू नका. आपल्या सावळ्या कातडीचा एक प्रश्न डॉक्टरांना आधीच विचारावा: रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी उणे चार ते सात अंशांनाच मरतात, बाकीच्या पेशींना बरीच जास्त थंडी लागते. म्हणून चामखीळ जाऊन पांढरा डाग मागे राहू शकतो. बोटांच्या कडेला आणि कोपराजवळ मज्जातंतू वरवर असतात, तिथे जास्त वेळ गोठवलं तर बधिरपणा येतो. मधुमेहींनी पायावर करून घेण्याआधी साखर आणि पायातला रक्तपुरवठा दोन्ही तपासावं. ओळखीच्या पर्यवेक्षकाकडून 'जारमधलं थोडं लावून दे' हा प्रकार चालतो, तो बंद व्हायला हवा.

स्मोक पान आणि स्मोक बिस्किट याबद्दल माझं मत सरळ आहे: लहान मुलांना देऊच नये. दहा मिली द्रव गिळला तर सात लिटर वायू होतो. भरलेलं जठर जेमतेम लिटर-दीड लिटर मावेल एवढं. २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या लँकेस्टरला नायट्रोजन घातलेलं पेय प्यायलेल्या अठरा वर्षांच्या मुलीचं जठर काढावं लागलं. बिस्किटाच्या छिद्रांत द्रव अडकून राहतो, म्हणून ते पानापेक्षा वाईट. मोठ्यांनी खायचंच असेल तर वाटीत द्रव दिसत नाही आणि धूर पूर्ण थांबला आहे, एवढं तरी बघावं. तमिळनाडूच्या अन्नसुरक्षा विभागानं २०२४ मध्ये हेच बजावलं: वाढण्यापूर्वी नायट्रोजन पूर्ण उडालेला हवा. नवरा-नवरीच्या एंट्रीला धूर करतात तो बहुतेक ड्राय आइसचा, उणे ७८.५ अंश, गोठलेला कार्बन डायऑक्साइड. उरलेले तुकडे मुलांच्या हाती लागू देऊ नका. २०२४ मध्येच गुरुग्रामच्या एका हॉटेलात तो मुखवास म्हणून दिला गेला आणि खाणाऱ्यांना रक्ताच्या उलट्या झाल्या.

भाजलंच तर कातडी चोळायची नाही, हळद-टूथपेस्ट नाही, शेकोटी नाही, बर्फ नाही. ३७ ते ४० अंशांच्या कोमट पाण्यात पंधरा ते तीस मिनिटं. चिकटलेलं कापड ओढू नये, पाण्यानं सुटू द्यावं. डोळ्यात गेला तर कोमट पाण्यानं धुवत धुवत थेट नेत्रतज्ज्ञाकडे. गिळला असेल तर उलटी करवू नका, लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठा. पोट दुखायची वाट बघायची नाही.

उरलेला नायट्रोजन सिंकमध्ये किंवा मोरीत ओतू नये, पीव्हीसी पाइप आणि फरशी दोन्ही तडकतात. मोकळ्या जागी, मुलं-जनावरं नसतील तिथे, मातीवर किंवा खडीवर सावकाश ओतायचा आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहायचं.